एक नंबरचा डबा

१

माझ्या खोलीत एक नंबरचा डबा नाही. डबे दोनपासून सुरू होतात आणि बत्तीसवर संपतात. बघायला येणारा प्रत्येक शहाणा विचारतो, "मॅडम, एक कुठंय?" मी सांगते, "मोजताना चुकले." खोटं आहे ते, पण ज्याला त्याला काय सांगत बसू?

मी स्वप्नाली. शहाद्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे, राहते प्रकाशाला, भावाच्या घरी. म्हणजे बापाच्याच घरी, पण बाप गेला की घर भावाचं होतं, ही आपली रीत. घरामागे एक मातीची खोली आहे. वर कौलं, खाली सारवलेली जमीन. तिच्यात माझे एकतीस टॅरंटुला राहतात. तळहाताएवढे केसाळ कोळी. कुणाच्या शेतात पाइपलाइनसाठी जेसीबी लागला आणि बिळातून असला एखादा बाहेर पडला, की लोक चप्पल शोधायच्या आधी मला फोन करतात. एवढी तरी तालुक्यात मी पत कमावली. गावात मला कोळ्यावाली म्हणतात. लग्न का झालं नाही, त्याचं उत्तरही त्यातच आलं.

रोज सकाळी साडेसहाला मी खोलीचं कुलूप काढते. दोन नंबरपासून एकेक झाकण उघडायचं. बाटलीच्या बुचात पाणी भरायचं. रात्री खाल्लेल्या रातकिड्यांचे पाय लांब चिमट्याने उचलायचे. तळाचं कोकोपीट, म्हणजे नारळाचा भुसा, सुकलं असेल तर कडेकडेने ओलं करायचं, मग झाकण, मग कडी. वहीत दोन शब्द लिहायचे. एकतीस डब्यांना सव्वा तास लागतो, आणि दिवसातला तेवढाच वेळ मला कुणी काही बोलत नाही.

या धंद्यातला एकच नियम मी सगळ्यांकडून घोकवून घेते. उताणा पडलेला कोळी मेलेला नसतो. मेलेला कोळी पाय पोटाखाली आवळून घेतो. उताणा पडतो तो कात टाकायला. पाठीवर पडून, तासन् तास, तो जुन्या अंगातून नवं अंग ओढून काढतो. तेव्हा त्याला हात लावायचा नाही. बस.

त्या मंगळवारी, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पाच दिवस उरले असताना, दोन रॅकच्या मधे जमिनीवर एक कात पडलेली होती.

मला आनंदच झाला. कात म्हणजे जनावर ठणठणीत. कुणीतरी डब्यातून निसटून बाहेर कात टाकली असेल, असं समजून मी डबे तपासले. एकतीस कड्या लागलेल्या. एकतीस कोळी आपापल्या जागी. मी पुन्हा मोजले. मग कात उचलून पट्टीवर धरली. पायाच्या टोकापासून टोकापर्यंत एकोणीस सेंटिमीटर. माझी सगळ्यात मोठी मादी, नऊ नंबर, पंधराची आहे.

२

पण त्या सकाळी माझं डोकं कातीत फार वेळ राहिलं नाही. आदल्या दिवशी जेवताना भावाने बॉम्ब टाकला होता.

नवनीतभाऊला बियाणांची नि खतांची एजन्सी मिळाली. "आखाजीना मुहूर्तवर मांगली खोलीनं काम सुरू करसूत," तो भाकरी मोडत म्हणाला. "खाले फरशी, वर पत्रा. गोदाम व्हई जाई."

"अन मन्हा कोळी?"

"कॉलेजमा ली जाय. नही ते सातपुडामा सोडी दे."

काजलवहिनी ताट उचलता उचलता बोललीच, "इतली मोठी खोली किडासले दिधी शे, ताई. माणूसले जागा नही अन किडासले बंगला."

"दुसरी जागा देख ना, भाऊ," मी म्हटलं.

"दुसरी कसाले? त्या खोलीमा उंदीर नही. सत्रा वरीस व्हयनात, एक दाणा कुरतडेल नही. बियाणंले अशी जागा भेटस का कोठे?"

ते खरं होतं. आमच्या मागच्या खोलीत उंदीर नाही, घूस नाही, कधी मांजरही व्यालं नाही. घरात सगळ्यांना याचा अभिमान.

आता माझी अडचण सांगते. आखाजीच्या सुमाराला आमच्याकडे पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो. मातीची भिंत, सारवलेली जमीन आणि खिडकीला ओलं बारदान, एवढ्यावर ती खोली थंड राहते. बाकीच्या घराला पत्रे आहेत. तिथे माझे कोळी दोन दुपारी काढणार नाहीत. कॉलेजची प्रयोगशाळाही पत्र्याचीच, आणि प्राचार्यांनी हात जोडले. सातपुड्यात सोडायचं म्हणाल, तर डब्यात वाढलेल्या जिवाला बीळ खणायला वेळ लागतो, तेवढ्यात मुंग्या त्याला संपवतात. म्हणजे रविवारी फरशी बसली की एकतीस जीव गेले. इतकं सरळ होतं ते, आणि ते मला एकटीलाच दिसत होतं.

त्या रात्री मी विषय तिथेच सोडला. आजवर त्याला कधी नाही म्हटलं नव्हतं, सवयच नव्हती.

३

बुधवारी सकाळी दुसरी कात. त्याच जागी. चोवीस सेंटिमीटर.

कुणीतरी चेष्टा करतंय, हा माझा पहिला विचार. कात ओली केली की थोडी ताणता येते, हे मला ठाऊक. पण इतकी? आणि कुलपाची किल्ली माझ्या गळ्यात. मग म्हटलं, बघूच. पहिली कात साबणाच्या पाण्यात भिजवली, मऊ झाल्यावर पुठ्ठ्यावर एकेक पाय सरळ केला. सात पाय सारखे होते. डावीकडचा तिसरा पाय आखूड होता, बारीक, मागाहून उगवल्यासारखा.

मी चिमटा खाली ठेवला आणि दाराच्या उंबऱ्यावर जाऊन बसले.

सांगायलाच हवं आता. सतरा वर्षांपूर्वी, मी एकोणीस वर्षांची असताना, आमच्या शेतात पाइप पुरायला मोलगीकडचा उदेसिंग नावाचा माणूस यायचा. एक दिवस त्याने तुपाच्या डब्यात मला एक कोळी आणून दिला. बाकीच्यांनी ठेचायला घेतला होता, त्याने वाचवला. "बाई, तुले जनावरसना नाद शे ना," म्हणाला. फावडं लागून तिचा डावा तिसरा पाय गेला होता. मी तिला काचेच्या बरणीत ठेवलं, चिठ्ठी लावली: एक नंबर. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते, कोळ्यांचं ओ की ठो कळत नव्हतं, पण जीव लागला. दोन महिन्यांनी तिने खाणं सोडलं. आणि एका सकाळी बघते तर ती उताणी.

मी ढसाढसा रडले. या खोलीच्या उत्तरेच्या कोपऱ्यात वीतभर खड्डा केला, तिला पुरलं, माती दाबली, वरून शेणाने सारवलं. वर्षभराने ग्रंथालयातल्या एका पुस्तकात तो नियम वाचला.

जिवंत पुरली मी तिला. स्वतःच्या हाताने, प्रेमाने, वर सारवून. तेव्हापासून माझे डबे दोनपासून सुरू होतात. वहीच्या पहिल्या पानावर तिच्या नावापुढे मृत लिहिलंय, ते पान मी उघडत नाही. आखाजीला आम्ही गेलेल्या माणसांची घागर भरतो. नवी घागर, गार पाणी, वर खरबूज आणि सांजोरी. आईवडिलांची घागर भाऊ भरतो. मी गुपचूप एक छोटी घागर त्या कोपऱ्यात ठेवते. दरवर्षी ती दुसऱ्या दिवशी कोरडी असते. नव्या मातीला पाणी झिरपतं, असं मी म्हणत आले.

उंबऱ्यावर बसून मी स्वतःला दटावलं. पाय काय, कुणाचाही तुटतो. आणि अशी मादी फार तर वीस-पंचवीस वर्षं जगते, पण वाढते ती तळहाताएवढीच. तू शिकलेली बाई आहेस स्वप्नाली, शुद्धीवर ये.

४

गुरुवारची कात एकतीसची होती. तिथे माझी पट्टी संपली. शुक्रवारची मोजायला मी वहिनीची शिवणाची टेप मागून आणली. टेप परत देताना वहिनीने विचारलं, "काय मोजनं, ताई?" मी म्हटलं, "खिडकी."

कात हातात धरली की वजन लागत नाही. पोकळ असते. सुळ्याचं आवरण मात्र टणक राहतं. शुक्रवारच्या कातीतला सुळा माझ्या करंगळीएवढा होता. प्रत्येक कातीत डावा तिसरा पाय आखूड.

एक जनावर चार दिवसांत चार काती टाकत नाही, हे मला पक्कं माहीत. त्यावर विचार करताना दुपारी बसमध्ये उत्तर सुचलं. कोळी बिळात कात टाकतो आणि जागा हवी झाली की जुन्या काती बाहेर ढकलतो. या ताज्या नव्हत्याच. या साठलेल्या होत्या. आखाजीच्या आधी अख्खा खानदेश घर झाडायला काढतो, तसं कुणीतरी खाली घर झाडत होतं. जुन्यापासून क्रमाने.

मग खोलीतल्या बाकीच्या गोष्टी दिसायला लागल्या, ज्या सतरा वर्षं समोर होत्या. उत्तरेच्या कोपऱ्यात सारवण कधी टिकत नाही. दर पंधरवड्याला तिथे एक गोल भेग पडते. मी दर पंधरवड्याला ती शेणाने बुजवते. शुक्रवारी संध्याकाळी मी गुडघे टेकून तिथे हात लावला. भेगेतून गार वारा येत होता, ओल्या मातीचा. कडेला पांढरे रेशमी धागे होते, व्यवस्थित विणलेले. बिळाच्या तोंडाला कोळी विणतो तसे. सतरा वर्षं मी कुणाच्या तरी दारावर शेण थापत होते, माय वं!

शनिवारी कॉलेजला सुट्टी. सकाळी कुलूप काढलं आणि दार आत ढकललं, तर ते अडलं. खांदा लावून ढकलावं लागलं. दारामागे पाचवी कात होती. दोन रॅकच्या मधे ती मावली नव्हती, म्हणून भिंतीला टेकून उभी केल्यासारखी पडली होती. मी टेप मागायला गेलेच नाही.

लाइट गेलेली. बारदानातून हिरवट उजेड येत होता. रॅककडे बघितलं तर एकतीस कोळी, एकतीस डब्यांत, एकाच दिशेला तोंड करून बसले होते. उत्तरेच्या कोपऱ्याकडे. बुचांतलं पाणी थरथरत होतं. आणि जमिनीखालून आवाज येत होता. ठक, ठक. थांबून पुन्हा ठक, ठक. सावकाश, बोटांनी पाटावर वाजवावं तसा.

मी पळाले नाही, हे मला आजही खरं वाटत नाही.  पण मी दोन नंबरचं झाकण उघडलं आणि पाणी भरायला लागले. बत्तीसपर्यंत सगळ्यांना भरलं. दुसरं काय करणार होते? कुणाला सांगितलं असतं तर भावाने फरशीच्या आधी त्या भेगेत रॉकेल ओतलं असतं. एकदा मी तिला पुरलं होतं. दुसऱ्यांदा पुरू देणार नव्हते.

५

आखाजीला सकाळी अकरा वाजता भाईदास गवंडी आला. टिकाव, घमेली, मागे टेम्पोत फरश्या. नवनीतभाऊने कपाळाला कुंकू लावलेलं, नवा शर्ट. ऊन असं की अंगणात नजर ठरत नव्हती.

"चाल बाई, डबा बाहेर काढ," भाऊ म्हणाला आणि पहिल्या रॅकला हात घातला.

मी दारात उभी राहिले. दोन्ही हात चौकटीला.

"बाजू व्हय."

"नही."

माझा आवाज मलाच नवा वाटला. भाऊने माझ्याकडे नीट बघितलं, बहुधा बऱ्याच वर्षांनी.

"काय म्हननी?"

"नही म्हननू. ही खोली मी देवाव नही. एक डबा उनमा जावाव नही."

"खोली मन्हा नाववर शे. कागद देख."

"कागद तुन्हा. खोली मन्ही शे, भाऊ. सत्रा वरीस मी सारवी ऱ्हायनू."

वहिनी अंगणातून ओरडली, "आते आखाजीना दिन भांडशात का?" भाईदास बिचारा खाली बघत उभा. भाऊचा चेहरा तापला. त्याने मला खांद्याने बाजूला सारलं, भाईदासच्या हातातला टिकाव घेतला आणि तडक आत गेला. उत्तरेच्या कोपऱ्यात.

"भाऊ! त्या कोपराले हात लावू नको! तठे जित शे!"

"काय जित शे?"

"मन्ही पहिली."

"याड लागी गयं तुले," म्हणत त्याने टिकाव उचलला आणि घातला.

आवाज जमिनीचा आलाच नाही. रिकाम्या माठाचा आला. टिकाव दांड्यापर्यंत आत गेला आणि अडकला. भाऊने ओढलं, निघेना. भाईदास मदतीला धावला. दोघांनी पाय रोवून ओढलं. मग दोघेही थांबले, कारण दांडा हलायला लागला होता. खाली. अजिबात झटका नाही. बोट बोट करत, शांतपणे, कुणीतरी तो आत घेत होतं.

भाऊने हात सोडले. दांड्याचं टोक जमिनीत दिसेनासं झालं.

 मग डब्यांतून आवाज उठला. एकतीस कोळी प्लास्टिकवर पाय वाजवत होते, हलके, एका तालात. कोपऱ्यातली गोल भेग रुंद झाली. सारवणाचा तो अख्खा तुकडा, परातीएवढा, एका बाजूने हातभर वर उचलला गेला आणि तसाच राहिला.

भाईदास कधी बाहेर गेला मी बघितलं नाही. मोटरसायकल मात्र ऐकली.

मी खाली बसले. का बसले, सांगता येणार नाही. भीती होती, खोटं कशाला बोलू. आत अंधार होता आणि त्या अंधाराला केस होते. तो हलला. काहीतरी वळलं, जागा करून घेतल्यासारखं. मग एक पाय बाहेर आला. माझ्या दंडापासून मनगटापर्यंत येईल एवढा लांब, आणि तरी त्याच्यामागे अंधारात जे पाय होते त्यांच्याहून आखूड. त्याने जमीन चाचपली. माझ्या पावलापाशी थांबला. आणि पावलावर टेकला.

हलका होता. कोळी नवी जागा पायाने बघतो, तसा तो माझी बोटं एकेक करून बघत गेला. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. मग परत गेला. झाकण खाली आलं. भेग पुन्हा केसाएवढी झाली.

"मेली नव्हती!" मी ओरडले. "भाऊ, मेली नव्हती रे ती! मी मारी नही तिले!" मी हसत होते की रडत, मलाच कळेना. सतरा वर्षं छातीवर ठेवलेला धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवला होता. मी जिंकले होते. तिच्यासमोर, भावासमोर, त्या एकोणीस वर्षांच्या मूर्ख पोरीसमोर, सगळ्यांसमोर जिंकले होते.

भाऊ भिंतीला पाठ लावून उभा होता. नवा शर्ट घामाने चिकटलेला. 

"बाई," तो म्हणाला, "खोली तुन्ही."

६

फरश्या म्हसावदला भाऊच्या मेहुण्याच्या ओट्याला लागल्या. गोदाम बसस्टँडजवळ भाड्याने घेतलं. तिथे उंदीर आहेत. भाऊ त्याबद्दल कुरकुरत नाही.

त्याच दुपारी शेजारची सुंदरबाई माझी छोटी घागर घेऊन आली. दरवर्षी कुंभाराकडून तीच आणून देते, कुणासाठी म्हणून कधी विचारत नाही. म्हातारी शहाणी आहे.

"यंदा नको, मावशी," मी म्हटलं.

"का वं? कोनी रागावनं का?"

"नही. जेन्हासाठी भरू ती जिती शे."

सुंदरबाईने घागर काखेला नीट धरली आणि मान डोलावली. "मंग खरं शे तुन्हं. जित्यानी घागर भरतस नही."

सोमवारी सकाळी साडेसहाला मी कुलूप काढलं. टिकाव कोपऱ्यात, झाकणाबाहेर, जमिनीवर आडवा ठेवलेला होता. लोखंड लख्ख पुसलेलं. दांडा या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढऱ्या रेशमाने गुंडाळलेला. भाऊला विचारलं तर म्हणतो, तुन्हाकडेच ऱ्हाऊ दे.

बुचाने काही भागणार नव्हतं, म्हणून आईची पितळी परात काढली, घासली, काठोकाठ भरून कोपऱ्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी ती रिकामी होती. हल्ली रोज असते. खाण्याचं म्हणाल, तर रातकिड्यांवर तिचं कसं भागलं असेल, हे मी कुणाला विचारत नाही. गावात हल्ली मोकाट कुत्री कमी झालीत, असं वहिनी म्हणत होती. मी विषय बदलला.

वहीचं पहिलं पान उघडलं. मृत हा शब्द खोडला, दोनदा, कागद फाटेपर्यंत. खाली लिहिलं: जिवंत. डावा तिसरा पाय आखूड. पाणी प्यायली. मग कोऱ्या पुठ्ठ्यावर मोठा एक काढला आणि कोपऱ्यावरच्या भिंतीला खिळ्याने ठोकला.

परवा नंदुरबारहून विद्यार्थी आले होते. सगळे डबे बघून झाले, उताण्या कोळ्याचा नियम त्यांनी तीनदा म्हणून दाखवला. मग एका चष्मेवालीची नजर भिंतीवर गेली.

"मॅडम, पाटी आहे, पण एकचा डबा कुठंय?"

आता मी खोटं बोलत नाही.

"डब्यात मावत नाही," मी सांगितलं, "आणि त्या कोपऱ्यात चपला काढून जायचं."